‘जमिनीत कुजणारा’ मल्चिंग पेपर खरंच कुजतो का? रोल घेण्याआधी दुकानदाराला काय विचारायचं?

कर्जत/खालापूर : भाताची झोडणी उरकली, वाल-हरभरा पेरून झाला, की ज्यांच्याकडे पाणी आहे ते शेतकरी भाजीपाल्याच्या आणि कलिंगडाच्या तयारीला लागतात. गादीवाफे ओढायचे, ठिबकची नळी पसरायची आणि वर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर ताणायचा. डिसेंबर-जानेवारीत हा पेपर उन्हात चकाकताना छान दिसतो. मे महिन्यात त्याच शेतात गेलात तर वेगळं चित्र असतं. फाटलेल्या चिंध्या कुंपणाला अडकलेल्या, बांधावर ढीग, आणि संध्याकाळी कुठेतरी काळा धूर.

आता बाजारात ‘बायोडिग्रेडेबल’, म्हणजे जमिनीत आपोआप कुजणारा मल्चिंग पेपर मिळतो असं सांगितलं जातं. काढायची मजुरी नाही, जाळायची भानगड नाही, नांगराखाली गाडला की झालं, अशी त्याची जाहिरात. ही गोष्ट पूर्ण खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही. पेपर कशाचा बनलाय आणि तो कुठल्या जमिनीत गाडताय, यावर सगळं ठरतं. कर्जत-खालापूरसारख्या भाताच्या पट्ट्यात तर हा दुसरा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे.

पेपर वापरतात ते उगाच नाही

मल्चिंगला नावं ठेवणं सोपं आहे, पण शेतकरी तो घेतो कारण त्याला फायदा दिसतो. पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे विहिरीचं किंवा बोअरचं थोडं पाणीही जास्त दिवस पुरतं. तणाला उजेड मिळत नाही म्हणून खुरपणीची मजुरी वाचते. चंदेरी बाजूवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाने फुलकिडे, पांढरी माशी यांचा त्रास काही प्रमाणात कमी होतो. कलिंगडाचं फळ मातीला टेकत नाही, त्यामुळे डाग कमी पडतात आणि व्यापारी भाव पाडत नाही.

सरकारनेही याला अनुदान दिलं. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या निकषांत बरीच वर्षं हेक्टरी ३२ हजार रुपये खर्च धरून त्याच्या निम्मे, म्हणजे जास्तीत जास्त १६ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत देण्याची तरतूद होती. हे दर मधूनमधून बदलतात, त्यामुळे आजचा आकडा तालुका कृषी कार्यालयात विचारूनच घ्यावा. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी रोल आणून मग अर्ज करणाऱ्याचं बिल अडकतं.

जाडी पिकाच्या मुदतीप्रमाणे ठरते. तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्याला २५ मायक्रॉन, वर्षभराच्या पपईसारख्या पिकाला ५० मायक्रॉन, त्याहून जास्त काळ उभ्या राहणाऱ्या फळबागेला १०० किंवा त्याहून जाड अशी शिफारस आहे.

एका एकरात किती प्लास्टिक जातं?

हा हिशोब घरबसल्या करता येतो. बाजारातला नेहमीचा रोल चार फूट रुंद आणि ४०० मीटर लांब असतो. म्हणजे साधारण ४८० चौरस मीटर पेपर. २५ मायक्रॉन जाडी धरली तर त्याचं वजन सुमारे ११ किलो भरतं. पाच फुटांवर एक गादीवाफा धरला तर एकराला अडीच हजार मीटरच्या वर पेपर लागतो, म्हणजे साधारण साडेसहा ते सात रोल. वजनात ७० किलोच्या पुढे.

यातच एक उपयोगाची गोष्ट आहे. रोलवर २५ मायक्रॉन छापलेलं असतं, पण आत काय आहे ते कळायला काटा पुरतो. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन वजा करून चार फुटी, ४०० मीटरचा रोल नऊ किलोच भरला, तर तो २० मायक्रॉनचा आहे. पातळ पेपर काढताना हातात तुकड्यांनीच येतो, आणि जे निघत नाही ते जमिनीतच राहतं. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला पातळ रोल पुढे जमिनीला महाग पडतो.

साधा पेपर जमिनीत राहिला तर

साधा मल्चिंग पेपर पॉलिथिनचा असतो. मातीतले जीवाणू आणि बुरशी त्याला खाऊ शकत नाहीत. तो उन्हाने ठिसूळ होतो, फाटतो, तुकड्यांचे तुकडे होतात, पण नाहीसा होत नाही. डोळ्यांना दिसेनासे झालेले हे कण म्हणजेच मायक्रोप्लास्टिक. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या शेतांमधली माती तपासली, तेव्हा मल्चिंग वापरलेल्या जमिनीत असे कण सापडले.

याचा सगळ्यात मोठा धडा चीनमध्ये मिळाला. तिथे शिनजियांगच्या कापूस पट्ट्यात कित्येक वर्षं अतिशय पातळ पेपर वापरला गेला, ०.००८ मिलिमीटरचा, म्हणजे ८ मायक्रॉन. तो गोळा होईना. वर्षानुवर्षं साचत गेला. लोक त्याला ‘पांढरं प्रदूषण’ म्हणू लागले. शेवटी सरकारने नियम बदलून २०१८ पासून किमान जाडी १० मायक्रॉन केली. तिथल्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं, की हेक्टरी सुमारे २४० किलोच्या वर प्लास्टिक साचलं की उत्पन्नावर स्पष्ट परिणाम होतो. मुळं अडतात, पाणी खाली नीट मुरत नाही.

२४० किलो म्हणजे खूप वाटतं. पण वरचाच हिशोब पुढे न्या. एकरी ७० किलो म्हणजे हेक्टरी पावणेदोनशे किलो. सगळा पेपर रोटाव्हेटरखाली घातला तर दुसऱ्याच वर्षी ही मर्यादा ओलांडली जाते. नीट काढला आणि दहावा हिस्सा राहिला, तर तिथवर पोचायला तेरा-चौदा वर्षं लागतात. काढण्यातली काळजी आणि हलगर्जी यात एवढा फरक आहे. आणि रोटाव्हेटर हा यातला खरा गुन्हेगार. एकदा त्याने पेपर कातरला की मग तो माणसाच्या हाताने निघत नाही.

जाळणं हा उपाय नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या प्रकरणात पाच हजार रुपये दंड. दंड कुणी वसूल करायला येईल न येईल, धूर मात्र आधी आपल्याच घरात येतो. बांधावर टाकलेला पेपर गुरं खातात, खासकरून त्याला कलिंगडाची साल किंवा वेल चिकटलेला असेल तर. तो पोटात गोळा होऊन बसतो आणि मग जनावर रवंथ करायचं थांबतं.

राहिला पाऊस. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पहिल्या मोठ्या सरीला बांधावरचा ढीग ओहोळात जातो. कर्जत तालुक्यातलं बहुतेक पाणी उल्हास नदीला मिळतं, आणि ती पुढे बदलापूर, कल्याणकडे जाते. तिथे याच नदीचं पाणी लाखो लोक पितात. खालापूरचं पाणी पाताळगंगेतून रसायनीमार्गे धरमतरच्या खाडीत उतरतं. पाताळगंगेच्या प्रदूषणाबद्दल कारखान्यांना बोलणं रास्तच आहे, पण त्या बोलण्याला जोर हवा असेल तर आपला बांध आधी साफ हवा.

कुजणं वेगळं, भुगा होणं वेगळं

आता ‘बायो’ पेपरकडे वळू. हे समजून घ्यायला घरातल्या दोन गोण्या पुरेशा आहेत.

तागाचं गोणपाट पावसाळ्यात मातीवर पडून राहिलं, तर पुढच्या वर्षी त्याचा मागमूस राहत नाही. जीवाणूंनी, बुरशीने ते खाल्लेलं असतं. त्याला कुजणं म्हणतात. युरियाची रिकामी प्लास्टिकची गोण वर्षभर उन्हात टाकली तर तिला हात लावताच भुगा होतो. तीही ‘नाहीशी’ झाल्यासारखी वाटते, पण तिचा कण न कण मातीत असतो. तो नुसता भुगा झाला, कुजणं नव्हे.

बाजारात ‘बायोडिग्रेडेबल’ नावाखाली दोन्ही प्रकार येऊ शकतात.

पहिला प्रकार खरा. तो बहुतेक वेळा पीबीएटी नावाच्या पदार्थापासून बनतो. त्यात मक्याचं स्टार्च किंवा पीएलए मिसळलेलं असतं. पीबीएटी हा बराचसा खनिज तेलापासूनच तयार होतो, पण त्याच्या साखळीतले सांधे असे असतात की जीवाणूंची पाचकद्रव्यं ते तोडू शकतात. म्हणजे ‘झाडापासून बनवलेलं’ आणि ‘कुजणारं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलापासून बनलेली वस्तूही कुजू शकते, आणि उसापासून बनवलेलं पॉलिथिन कुजत नाही.

दुसरा प्रकार फसवा. साध्या पॉलिथिनमध्ये लोह, मँगनीज, कोबाल्टचे क्षार घालतात, म्हणजे ऊन आणि हवेने ते लवकर ठिसूळ होतं. याला ‘ऑक्सो’ प्रकार म्हणतात. सहा महिन्यांत पेपर दिसेनासा होतो आणि शेतकरी खूश होतो. प्रत्यक्षात युरियाच्या गोणीचंच झालेलं असतं. युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्याने असल्या ऑक्सो प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणायला बंदी घातली, ती जुलै २०२१ पासून लागू आहे. साधा पेपर निदान उचलून काढता तरी येतो. याचा भुगा कोण वेचणार?

आणखी एक घोळ ‘कंपोस्टेबल’ या शब्दाचा. कंपोस्टेबल प्लास्टिकची परीक्षा मोठ्या कंपोस्ट कारखान्यात असते तशा गरमीत होते, सुमारे ५८ अंश सेल्सिअसला. आपली जमीन मे महिन्यातही खोलवर एवढी तापत नाही. त्यामुळे कंपोस्टेबल पिशवीचं प्रमाणपत्र दाखवून कुणी मल्चिंग पेपर विकत असेल तर ते पुरेसं नाही. शुद्ध पीएलए तर साध्या मातीत वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो.

खास मल्चिंगसाठीचं मोजमाप युरोपात २०१८ साली ठरलं. त्याचा नंबर ईएन १७०३३. त्यानुसार २० ते २८ अंश तापमानाच्या मातीत दोन वर्षांच्या आत पेपरमधल्या किमान ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झालं पाहिजे, जड धातू ठरावीक मर्यादेच्या आत हवेत आणि रोपांवर, गांडुळांवर वाईट परिणाम दिसता कामा नये. आपल्याकडे कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि बायोडिग्रेडेबल प्लास्टिकसाठी २०२२ मध्ये आयएस १७८९९ हे तात्पुरतं मानक आलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती केली. माती, पाणी अशा वातावरणात जैविक क्रियेने विघटन होऊन मायक्रोप्लास्टिक मागे राहत नसेल, तरच त्याला बायोडिग्रेडेबल म्हणायचं, असं त्यात आहे. विक्रीआधी उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

आपल्या मातीत तो कसा वागेल?

इथे खरी मेख आहे. कुजण्यासाठी जीवाणूंना तीन गोष्टी लागतात: ऊब, ओल आणि हवा. अमेरिकेत टेनेसी आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत एकाच प्रकारचे पेपर जाळीच्या पिशव्यांत घालून पुरून ठेवले होते. टेनेसीच्या उबदार मातीत ते जास्त कुजले, वॉशिंग्टनच्या थंड मातीत कमी. पण तीन वर्षांनंतरही दोन्हीकडे तुकडे शिल्लक होतेच. कागदावरची दोन वर्षं आणि शेतातली दोन वर्षं सारखी नसतात, हे त्यातून दिसतं.

उबेच्या बाबतीत कोकणाची माती नशीबवान. ओल आणि हवा यांचं गणित मात्र भाताच्या खाचरात बिघडतं. समजा कलिंगड एप्रिलअखेर संपलं आणि बायो पेपर गाडला. मे महिन्यात माती कोरडी ठक्क, जीवाणू जवळजवळ झोपलेले. जून-जुलैत चिखलणी होते आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत खाचरात पाणी उभं. उभ्या पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय हा पेपर फार सावकाश कुजतो. म्हणजे ओल असते तेव्हा हवा नाही, हवा असते तेव्हा ओल नाही. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या गावांत तर जमीन वर्षातून दोनदा पाण्याखाली असते.

चिखलणीत आणखी एक होतं. न कुजलेले तुकडे पाण्याबरोबर एका खाचरातून खालच्या खाचरात जातात. बायो पेपरच्या मानकात शेजाऱ्याच्या शेताचा विचार नाही.

याउलट वरकस जमीन, माळावरचा भाजीमळा, परसातली वाडी, जिथे पाणी साचत नाही आणि माती पावसाळाभर ओलसर-मोकळी राहते, तिथे हा पेपर सगळ्यात चांगला कुजावा. शेणखत, गांडूळ असलेल्या जमिनीत आणखी लवकर. त्यामुळे कुणाला हा पेपर वापरून बघायचाच असेल तर सुरुवात तिथूनच करावी, खाचरातून नाही.

पूर्ण कुजला तरी मागे काय राहतं, हाही प्रश्न आहे. बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जीवाणूंच्या शरीरात जातो. पण काळा रंग यावा म्हणून घातलेली काजळी कुजत नाही, ती मातीत राहते. कुजत असताना मधल्या काळात बारीक कण तयार होतातच. ते पॉलिथिनच्या कणांसारखे कायमचे नसतात, पण प्रयोगांत असे कण मातीत फार जास्त मिसळले तेव्हा काही रोपांची वाढ मंदावलेली दिसली आहे. शेतात एका पेपरमधून एवढं प्रमाण सहसा येत नाही. दरवर्षी पेपर गाडला आणि आदल्या वर्षीचा कुजलाच नाही, तर मात्र साचत जाईल.

पैशाचं काय?

बायो पेपर साध्यापेक्षा दुपटीने-तिपटीने महाग पडतो. तो घेताना किलोच्या भावावर जाऊ नये. पीबीएटी पॉलिथिनपेक्षा जड असतं. चार फुटी, ४०० मीटरचा १५ मायक्रॉनचा बायो रोल नऊ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे वर सांगितलेल्या २० मायक्रॉनच्या साध्या रोलएवढाच. तेव्हा मीटर आणि मायक्रॉन बघून भाव करावा.

समजा साधा रोल दोन हजाराला पडला. सात रोलचे १४ हजार. काढायला सहा मजूर, चारशेच्या मजुरीने २,४००. एकूण १६,४००. बायो रोल अडीच पट भावाने घेतला तर ३५ हजार. म्हणजे काढणीची मजुरी वाचली तरी एकरी १८-१९ हजारांचा फरक राहतो. आपल्या गावचे भाव घालून हा हिशोब ज्याचा त्याने करावा, पण नुसत्या मजुरीच्या बचतीवर आज हा पेपर परवडत नाही, हे बहुतेकांना दिसेल. बायो पेपरला अनुदान लागू आहे का, हे कृषी सहायकाला आधी विचारावं, दुकानदाराच्या शब्दावर राहू नये.

घेतलाच तर काही पथ्यं आहेत. तो साध्या पेपरइतका ताणायचा नाही, नाहीतर भोकाशी फाटतो. मातीत दाबलेल्या कडा सगळ्यात आधी कुजतात आणि मग वाऱ्याने पेपर उचलला जातो, म्हणून कडेला माती भरपूर घालावी. गोदामात जुना झालेला रोल घेऊ नये, उष्णतेने आणि दमटपणाने तो आधीच कमजोर होतो. एका हंगामाचा पेपर त्याच हंगामात संपवावा. लवकर पसरेल अशा वेलांना तो बरा, कारण पानांची सावली पडली की ऊन थेट लागत नाही.

आणि दुकानदाराला हे प्रश्न विचारावेत: हा मातीत कुजणारा आहे की कंपोस्ट कारखान्यात? कुठल्या मानकाचं प्रमाणपत्र आहे, त्याची प्रत दाखवता का? रोलवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा नंबर छापलाय का? पेपर पॉलिथिनचा आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, पण त्यात पावडर घातलीय’ असं उत्तर आलं, तर रोल परत ठेवावा.

साधाच पेपर वापरायचा तर

बहुतेक शेतकरी अजून काही वर्षं साधाच पेपर वापरणार, हे उघड आहे. तेव्हा तो नीट काढणं हाच आजचा खरा उपाय. २५ मायक्रॉनच्या खाली जाऊ नये. जमत असेल तर ३० चा घेऊन त्याच वाफ्यावर कलिंगडानंतर काकडी किंवा घोसाळ्याचं दुसरं पीक घ्यावं. शेवटच्या तोड्यानंतर वेल बुडाशी कापावेत, ठिबक चार-पाच दिवस बंद ठेवावं म्हणजे पेपरला चिकटलेली माती सुकून झडते. मग कडा फावड्याने मोकळ्या करून एका टोकाकडून काठीवर गुंडाळत जावं. हे सगळं वळवाचा पाऊस यायच्या आत. ट्रॅक्टर त्यानंतरच शेतात घालावा.

गुंडाळलेला पेपर झटकून कोरडा ठेवला तर भंगारवाला निदान बघतो तरी. मातीने बरबटलेल्या पेपरच्या वजनात निम्मी माती असू शकते, म्हणून तो नको म्हणतो. त्याचंही चुकत नाही.

इथे एक अन्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. बिस्किटाच्या पुड्याच्या प्लास्टिकची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी कंपनीवर टाकली, पण ते नियम पॅकिंगच्या प्लास्टिकसाठी आहेत. मल्चिंग पेपर पॅकिंग नाही, त्यामुळे तो परत घ्यायला कुणी बांधील नाही. अनुदान पसरायला मिळतं, गोळा करायला नाही. २०१६ च्या नियमांनी गावातल्या प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहे, आणि स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन युनिट धरलेलं आहे. आपल्या तालुक्याचं युनिट कुठे आहे आणि ते शेतातला पेपर घेतं का, हा प्रश्न मे महिन्याआधीच्या ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. दहा शेतकऱ्यांचा पेपर एका जागी जमला तर गाडी यायची शक्यता तरी असते.

प्लास्टिकशिवाय

आपल्याकडे जमीन झाकणं नवीन नाही. भाताचा पेंढा एकरी दोन टन अंथरला तरी ओल टिकते आणि तण दबतं. अडचणीही आहेत: गुरं असतील तर पेंढा त्यांनाच पुरत नाही, वाळवी आणि उंदीर येतात, उन्हाळ्यात आगीची भीती असते. पण ज्यांच्याकडे आता गुरं उरली नाहीत आणि पेंढा शेतातच पेटवला जातो, त्यांनी तो भाजीच्या वाफ्यावर टाकून बघावा. एका हंगामात तो खत होतो, आणि त्याला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राइस तंत्र हे दुसरं उदाहरण. त्यात नांगरणी, चिखलणी, लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यावर भात टोकतात, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक घेतात. मुळं जागेवर कुजून माती भुसभुशीत होते. तणनाशक वापरावं लागतं, हा त्यातला वादाचा मुद्दा आहे. पण या वाफ्यांवर पावसाळ्यातही मुळांशी हवा राहते, त्यामुळे बायो पेपर वापरून बघायला चिखलणीच्या खाचरापेक्षा ती जागा बरी.

आणि वालाला तर कसलाच पेपर लागत नाही. भातानंतरच्या ओलीवर तो येतो, आणि पोपटीपुरता तरी प्रत्येक घरी पिकतोच.

शेतातच करून बघायची परीक्षा

दुकानदार खरं सांगतोय की नाही, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. बायो पेपर घेतलाच तर त्याचे वीतभर लांबीचे सहा तुकडे कापा. कांदा-लसणाच्या जाळीच्या बारीक पिशव्यांत एकेक तुकडा माती भरून घाला. तीन पिशव्या खाचरात आणि तीन माळावरच्या जमिनीत वीतभर खोल पुरा. जागेवर खुंटी ठोका, तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. तुलनेला एकेक तुकडा साध्या पेपरचाही पुरा.

पहिली पिशवी दिवाळीनंतर काढायची, दुसरी पुढच्या मे महिन्यात, तिसरी आणखी एका वर्षाने. तुकडा मऊ होऊन भोकं पडत विरत चालला असेल तर ठीक. कडक, कुरकुरीत चकत्या होऊन जाळीत तशाच सापडल्या तर तो पेपर कुजत नाही, नुसता तुटतोय. तुकडा डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे शंभर टक्के कुजला असं यातून सिद्ध होत नाही, पण दोन वर्षांनी तो अख्खा निघाला तर दावा खोटा, एवढं नक्की ठरतं. पिशव्या आणि फोटो घेऊन कृषी सहायकाकडे किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात जाता येतं. रोलचं बिल आणि त्यावरचं लेबल तोपर्यंत जपून ठेवा.